छप्पर परत बसवलं, पण कसं? वादळानंतरच्या घरांचा थोडा इतिहास



शाकारणीचे दिवस आहेत. गावोगाव छपरांवर माणसं चढलेली दिसतायत, म्हणून हा विषय आत्ताच काढतोय. पोस्ट लांबलचक आहे. निवांत वेळ काढून वाचा आणि घरात जो कोणी छपराचं काम बघतो त्याला वाचून दाखवा.

३ जून २०२०. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. वारा ताशी १०० ते १२० किलोमीटर. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, जुने आंबे-फणस मुळासकट गेले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली... कुठल्याही गावात जा, घरांचे पत्रे शेतात आणि शाळेचे पत्रे रस्त्यात. कित्येक वाड्यांमध्ये आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यात कोरोना, त्यात टाळेबंदी, मुंबईहून आलेले चाकरमानी घरात आणि डोक्यावर पावसाळा.

अशा वेळी माणूस काय करणार? मिळेल तो पत्रा, मिळेल त्या भावात, मिळेल त्या माणसाकडून बसवून घेतला. शेतात उडालेला वाकडा पत्रा हातोडीनं सरळ करून परत चढवला. जुन्याच भोकात नवा खिळा मारला. यात कोणाचा दोष नाही. आभाळ गळत असताना कोणी पुस्तक उघडून बसत नाही.

पण मंडळी, ती छपरं आजही तशीच आहेत. पावसाळ्यापुरती म्हणून केलेली डागडुजी आपल्याकडे कायमची होऊन बसते, आणि पुढचं वादळ बरोबर त्याच जागी हात घालतं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. जगात ज्या ज्या गावांनी मोठी वादळं खाल्ली, ती सगळी या वळणावरून गेली आहेत. काही शिकली, काहींना दोनदा मार खाऊन शिकावं लागलं. त्यांचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

वारा छप्पर ढकलत नाही, उचलतो

आधी एक साधा हिशोब. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. दहा फूट बाय तीन फुटांचा पत्रा म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. म्हणजे एका पत्र्यावर सुमारे १९० किलोची ओढ. आणि त्या पत्र्याचं स्वतःचं वजन? दहा-पंधरा किलो.

ही ओढ वरच्या बाजूला असते. वारा छपरावरून झपाट्यानं जातो तेव्हा वर पोकळी तयार होते आणि छप्पर वर खेचलं जातं. छपराच्या कडा, कोपरे आणि आढ्याजवळची जागा, इथं ही ओढ मधल्या भागापेक्षा दीड-दोन पट किंवा त्याहून जास्त असते. त्यात समोरची खिडकी फुटली किंवा दार उघडलं तर आत शिरलेला वारा खालून वर ढकलतो. वरून ओढ, खालून रेटा. मग छप्पर जातं.

आपले सुतार, गवंडी पिढ्यान् पिढ्या छपराचा भार खाली कसा उतरतो याचा विचार करत आले. कौलाचा भार रिपांवर, रिपांचा वाशांवर, वाशांचा भिंतीवर, भिंतीचा जोत्यावर. वादळात हीच साखळी उलटी ओढली जाते. पत्रा रिपेला धरून राहिला पाहिजे, रीप वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत जोत्याला. यातली एक कडी कच्ची असेल तर बाकीच्या कितीही पक्क्या असून उपयोग नाही.

डार्विन, १९७४

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचं बंदर आहे. १९७४ साली तिथली वस्ती ४७ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या चिपळूण शहराहून थोडी कमीच. हवा दमट, पाऊस जोरदार आणि घरांवर पत्रे. बरीच घरं खांबांवर उचललेली, हलक्या भिंतींची.

वादळ त्यांना नवं नव्हतं. १८९७ ला आणि १९३७ ला गाव मोडलं होतं, दोन्ही वेळा परत उभं राहिलं. डिसेंबर १९७४ च्या सुरुवातीला सेल्मा नावाचं वादळ गावाच्या दिशेनं निघालं, इशारे झाले, आणि ते वळून गेलं. त्यामुळे नाताळच्या आदल्या दिवशी ट्रेसी नावाच्या वादळाचा इशारा आला तेव्हा बऱ्याच लोकांनी तो कानाआड केला. आपल्याकडेही "येणार येणार म्हणतात आणि गुजरातला जातं" हे वाक्य ऐकू येतं ना? तसंच.

त्या रात्री विमानतळावरच्या यंत्रानं ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि मग ते यंत्रच मोडलं. ६६ माणसं गेली. दहातली सातहून जास्त घरं राहण्यालायक उरली नाहीत. काही घरांचं तर खांबांवरचं नुसतं तळ आणि तिथवर जाणारा जिना शिल्लक राहिला. पुढच्या काही दिवसांत तीस हजारांहून जास्त लोकांना विमानानं आणि रस्त्यानं बाहेर हलवावं लागलं.

नंतर जॉर्ज वॉकर नावाच्या इंजिनिअरनं मोडलेली घरं तपासली. पहिली गोष्ट त्यांना दिसली ती अशी. ज्या मोठ्या इमारती इंजिनिअरनं हिशोब करून बांधल्या होत्या त्या बऱ्यापैकी टिकल्या. गेली ती राहती घरं, कारण साध्या घराचा वाऱ्यासाठी हिशोब कोणी करतच नव्हतं. घर म्हणजे सुताराच्या अनुभवाचं काम, असंच चाललं होतं.

दुसरी गोष्ट पत्र्यांची. पत्रे कारखान्यात तपासून आलेले होते. त्यांनी एकदा दिलेला भार व्यवस्थित पेलला होता. पण वादळ एकदाच ओढून थांबत नाही. झोत येतो, जातो, परत येतो, असं तासन् तास चालतं. स्क्रूच्या भोवतीचा पत्रा हजारो वेळा वरखाली हलला, आणि तार वाकवून वाकवून तोडावी तशा तिथं चिरा पडल्या. स्क्रू जागच्या जागी राहिला आणि पत्रा त्याच्यातून निसटून गेला.

म्हणून नव्या डार्विनसाठी जी बांधकामाची नियमावली आली तिच्यात पत्र्यानं दहा हजार वेळा ओढ सहन केली पाहिजे, अशी चाचणी घातली गेली. स्क्रूखाली रुंद वायसर आले. छपरापासून पायापर्यंत सलग सळ्या आणि पट्ट्या आल्या. १९७७ साली टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात खास वादळात घरं कशी वागतात हे तपासणारं केंद्र सुरू झालं, ते आजही चालू आहे. २०११ मध्ये यासी नावाचं मोठं वादळ क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा नव्या नियमांनी बांधलेल्या घरांची छपरं जुन्या घरांपेक्षा कितीतरी कमी गेली.

पण या गोष्टीला एक शेपूट आहे. ट्रेसीच्या बरोबर तीन वर्षं आधी, १९७१ च्या नाताळच्या आदल्याच दिवशी, अल्थिया नावाचं वादळ टाउन्सव्हिलवर आलं होतं. छपरं कशी सुटतात हे तिथं सगळं दिसलं होतं. ते शहाणपण डार्विनपर्यंत पोचलं नाही. आता विचार करा, श्रीवर्धनला २०२० मध्ये जे दिसलं ते देवगड-मालवणपर्यंत पोचलंय का?

मायामी, १९९२

"आपल्याकडे नियमच नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

अमेरिकेतल्या दक्षिण फ्लोरिडात १९५७ पासून बांधकामाची कडक नियमावली होती. देशातल्या चांगल्या नियमावल्यांमध्ये तिचं नाव घेतलं जायचं. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू नावाचं हरिकेन मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ धडकलं. एक लाखाहून जास्त घरांचं नुकसान झालं. इतके दावे आले की अनेक विमा कंपन्या बुडाल्या.

नियम असताना असं कसं झालं? मधली तीसेक वर्षं मोठं वादळ आलं नव्हतं. वस्ती झपाट्यानं वाढली, बिल्डरांना घाई, तपासणी नावापुरती. छपरावरच्या प्लायवूडला खिळ्यांऐवजी यंत्रानं स्टेपल मारलेले, म्हणजे कागदाला मारतो तसल्या पिना, फक्त मोठ्या. त्यातल्या कित्येक पिना खालच्या लाकडात गेल्याच नव्हत्या, बाजूला हवेत मारलेल्या. वर डांबरी आवरण घातलं की कोणाला काही दिसत नाही. वारा आला तेव्हा दिसलं.

त्याच भागात हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेनं हौशी स्वयंसेवकांच्या हातून गरीब कुटुंबांसाठी बांधलेली साधी घरं होती. ती बहुतेक टिकली. महागड्या वसाहती सपाट आणि ही घरं उभी. हौशी माणसं बिचारी जपून काम करतात, एका खिळ्याच्या जागी चार मारतात. फरक तेवढाच होता.

अँड्र्यूनंतर तिथं नियम बदलले. १९९४ पासून मायामी भागात खिडक्यांना अशी झडप किंवा काच सक्तीची झाली जी उडून आलेल्या वस्तूचा मार खाईल. चाचणी कशी घेतात माहितीये? साधारण चार किलोची लाकडी फळी तोफेसारख्या यंत्रातून ताशी ५५ किलोमीटरच्या वेगानं खिडकीवर मारतात. खिडकी टिकली तर पास. २००२ पासून सगळ्या फ्लोरिडाला एकच नियमावली लागू झाली.

मला यातला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो दुरुस्तीचा नियम. छपराच्या पाव भागाहून जास्त दुरुस्ती करायची असेल तर सगळं छप्पर नव्या नियमात बसवा, असं बंधन अनेक वर्षं होतं. आणि २००७ पासून जुन्या घराचं वरचं आवरण बदलताना खालच्या फळ्यांना परत पुरेसे खिळे मारून घेणंही सक्तीचं झालं. जुनी लाखो घरं पाडून नवी बांधणं कोणत्याच सरकारला जमत नाही. पण प्रत्येक घराचं छप्पर कधी ना कधी उघडतंच. उघडलं की तेवढ्यात ते पक्कं करून घ्यायचं.

आपण माणसं वाचवायला शिकलो

आता आपल्या देशात या. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळ आलं आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर ओडिशानं आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळं प्राधिकरण काढलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावात माणसं तयार केली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. जगानं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं.

निसर्गच्या वेळी आपल्याकडेही हजारो लोकांना आधी हलवलं, म्हणून जीवितहानी कमी झाली. ते काम केलेल्या तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई सगळ्यांना मनापासून नमस्कार.

पण माणूस निवाऱ्यातून परत येतो तो कुठं? त्याच घरात. जीव वाचवायचं शास्त्र आपण शिकलो, घर वाचवायचं अजून राहिलंय. आणि घर गेलं की जीव वाचलेलं कुटुंब दहा वर्षं मागं जातं, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

किल्लारीची आठवण

कोणी म्हणेल, हे सगळं परदेशात जमतं. तर मग लातूर बघा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराखाली. जाडजूड दगडी भिंती, दगड एकमेकांत नीट न बांधलेले, आणि वर माळवदाचा मातीचा प्रचंड भार. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच पुनर्वसन कार्यक्रमातला दुसरा भाग कोणाला आठवत नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांत दोन लाखांच्या आसपास घरं अशी होती की जी पडली नव्हती, तडकली होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा वेगळा कार्यक्रम झाला. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार बांधदगड घालायचे, वरून पट्टा बांधायचा. नुसती भेग बुजवायला पैसे नव्हते, घर आधीपेक्षा पक्कं करायला होते.

सरकारी इंजिनिअर प्रत्येक घरी पोचणं शक्य नव्हतं. म्हणून गावातल्या बायका संवाद सहाय्यक म्हणून पुढे आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांना बरोबर घेऊन हे काम केलं. योजनेत काय आहे, दुरुस्तीत काय करून घ्यायचं, गवंड्याला काय विचारायचं, हे बायकांनी बायकांना सांगितलं. सातेक वर्षांनी कच्छचा भूकंप झाला तेव्हा गुजरातनं घरबांधणीची मदत हप्त्यांनी दिली आणि पुढचा हप्ता काम तपासल्यावरच सोडला. किल्लारीच्या बायका तिकडे जाऊन आपला अनुभव सांगून आल्या.

म्हणजे हे महाराष्ट्रानं एकदा करून दाखवलंय. भूकंपासाठी केलं, वादळासाठी केलं नाही, एवढाच फरक.

कोकणाचा कागद काय सांगतो

निसर्गनंतर सरकारनं रायगडसाठी तातडीची १०० कोटींची मदत जाहीर केली होती. पंचनामे झाले. पंचनाम्यात घर पूर्ण पडलं की अंशतः, किती मोडलं, हे लिहितात आणि त्यावर रक्कम ठरते. छप्पर कुठून सुटलं, हा रकाना त्यात नसतो. पैसे खात्यात आल्यावर परत कसं बांधलं, हे बघायलाही कोणी येत नाही.

आता जरा नियमांचं बघू. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्या देशात आयएस ८७५ भाग ३ हे मानक आहे. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पणजीसाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी १४०. आपला रायगड-रत्नागिरीचा किनारा या दोघांच्या मधला. आणि निसर्गचा वारा? वर लिहिलाय, १०० ते १२०. म्हणजे पुस्तकाप्रमाणे बांधलेलं छप्पर त्या दिवशी जायलाच नको होतं. निसर्ग हे काही अक्राळविक्राळ वादळ नव्हतं. आपले जोडच कच्चे होते.

दुसरी गोष्ट. याच मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी जो जादा भार धरायला सांगितलाय तो पूर्व किनाऱ्यासाठी आणि गुजरातच्या किनाऱ्यासाठी. कोकण त्यात नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान, २०२० मध्ये निसर्ग, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलेलं तौक्ते. हे बघता कोकणानं हा प्रश्न विचारायला हवा.

लहान घरांसाठी २००४ पासून वेगळी मार्गदर्शिकाही आहे, आयएस १५४९८. त्यात काय आहे बघा. दोनपाखी छपरापेक्षा चौपाखी बरं, उतार मध्यम ठेवा, छपराच्या बाहेर आलेल्या वळचणी फार लांब काढू नका. वाचून आजोबांच्या घराची आठवण येते की नाही? जांभ्याचं, चौपाखी, कौलारू. कौलांच्या फटीतून वारा थोडा निघून जातो, आणि गेलं तरी एकेक कौल जातं. आता आपण स्लॅबवर गळती नको म्हणून पाइपांच्या टेकूवर उघडी शेड उभी करतो, चारी बाजूंनी वारा खालून घुसतो आणि अख्खं छप्पर पंखासारखं उचललं जातं. ते उडून दुसऱ्याच्या अंगणात पडतं ते वेगळंच.

मग करायचं काय?

वादळ होऊन गेलं की पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, कारण माणूस घाईत असतो. अमेरिकेत २०२० च्या लॉरा वादळात थेट वादळानं जेवढे गेले त्याहून कितीतरी जास्त नंतर गेले, आणि त्यात मोठा वाटा जनरेटरच्या धुराचा होता. म्हणून:

१. मेन स्विच बंद केल्याशिवाय ओल्या घरात कशाला हात लावू नका. पडलेली तार मेलेली आहे असं कधीच धरू नका.

२. जनरेटर पडवीतसुद्धा नको, घरापासून लांब उघड्यावर. घराच्या वायरिंगला परस्पर जोडू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

३. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. तो सांगून फुटत नाही. फळी टाका, कमरेला दोर बांधा, शेवाळलेल्या ओल्या छपरावर चढूच नका. फुटलेला सिमेंटचा पत्रा कटरनं कापू नका, त्याची धूळ छातीला घातक. ओला करून उचला.

४. वाकलेलं किंवा अडकलेलं झाड तोडताना ते उसळतं. ज्याला सवय आहे त्यालाच करू दे.

५. आवराआवर करण्याआधी फोटो काढा. सुटलेल्या जोडाचा जवळून एक फोटो नक्की काढा.

६. लगेच पक्कं छप्पर नको. ताडपत्री घट्ट बांधून आठ दिवस काढता आले तर काढा. घाईतला पत्रा महाग पण पडतो आणि कच्चा पण राहतो.

पक्कं काम करताना, किंवा आत्ता शाकारणीत, हे बघा:

१. वाकलेला, भोकं मोठी झालेला पत्रा परत वापरू नका. तो गोठ्याच्या कुडाला चालेल, छपराला नाही.

२. नुसता खिळा वर ओढला की निघतो. लाकडाला स्क्रू, पाइपाला जे-हूक किंवा स्क्रू, आणि प्रत्येकाखाली वायसर.

३. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ स्क्रू मधल्यापेक्षा दाट हवेत. सगळीकडे सारखं अंतर ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक.

४. वासा भिंतीवर नुसता टेकवलेला नसावा. लोखंडी पट्टीनं बांधा आणि ती पट्टी भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्यात किंवा स्लॅबमध्ये अडकवा.

५. शेडचा खांब स्लॅबवर चार विटांत उभा करू नका. तळाला प्लेट, प्लेटला बोल्ट. गंजलेलं वेल्डिंग दरवर्षी बघा. खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत ते पोखरलं जातं.

६. दारं-खिडक्यांना आतून अडसर हवा. खिडकी टिकली तर छप्पर टिकायची शक्यता वाढते.

यातल्या बहुतेक गोष्टींचा खर्च अख्ख्या छपराच्या खर्चात किरकोळ आहे. पत्र्यावर पैसे जातात, बोल्टावर नाही. आणि आपण वाचवतो ते नेमके बोल्टावर.

ग्रामसभेत मागू या

हे एकेकट्यानं करायचं काम नाही, म्हणून ही पोस्ट. येत्या ग्रामसभेत चार गोष्टी लेखी मांडता येतील.

एक, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि समाजमंदिर यांच्या छपरांचे जोड पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावेत. आपण लोकांना निवाऱ्याला तिथंच नेतो. दोन, तालुक्यातले फॅब्रिकेटर, सुतार आणि गवंडी यांना एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळावं. जवळच्या आयटीआयमध्ये ते सहज होईल. तीन, पंचनाम्यात "छप्पर कोणत्या जोडातून सुटलं" हा रकाना यावा, आणि घरबांधणीच्या मदतीचा थोडा हिस्सा पक्क्या जोडणीसाठी वेगळा ठेवून तो काम बघून द्यावा. चार, ताडपत्री, दोर, बोल्ट-वायसर आणि दोन-तीन सुरक्षा पट्टे पंचायतीत आधीच ठेवावेत.

आणि बचत गटांच्या ताई, किल्लारीत ज्यांनी गवंड्याला प्रश्न विचारले त्या तुमच्यासारख्याच होत्या. आपल्याकडे बहुतेक घरातला कर्ता पुरुष मुंबईला असतो. पत्रेवाल्याशी व्यवहार तुम्हीच करता. "वायसर कुठाय? पट्टी कुठाय? कडेला स्क्रू किती?" हे तीन प्रश्न विचारायला इंजिनिअर लागत नाही.

सध्या एवढंच करा. दिवसाउजेडी छपराखाली उभे राहा, वर बघा आणि पत्र्यापासून जोत्यापर्यंत प्रत्येक जोडावर नजर फिरवा. कोणता जोड कशानं धरलाय हे सांगता आलं नाही, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.

सुतार, गवंडी, फॅब्रिकेटर मंडळींनी आपला अनुभव जरूर लिहावा. आणि पोस्ट पटली असेल तर गावच्या ग्रुपवर टाका, पाऊस लागायच्या आत.